टोपाचा नियम

सुचिताला कंपनीत बक्षीस मिळालं ते स्वयंपाकघरातल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, एका टोपामुळे, पण हे तिनं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. काचेचं ते बक्षीस टीव्हीशेजारी ठेवलेलं असायचं. तिची आई नीराबाई रोज पदरानं त्यावरची धूळ पुसायची आणि आल्यागेल्याला दाखवायची. कशाबद्दल मिळालं असं कुणी विचारलं तर म्हणायची, कामाबद्दल. आता काम म्हणजे नेमकं काय, हे विचारायची सोय नव्हती. अख्ख्या कोळीवाड्यात ते कुणालाच धड सांगता यायचं नाही.

सुचिता एका बड्या तंत्रज्ञान कंपनीच्या सर्व्हिसेस विभागात सल्लागार होती. बाकीची कंपनी यंत्रं विकायची, प्रोग्राम विकायची, ते समजण्यासारखं आहे. हा विभाग माणसं पुरवायचा. गिऱ्हाइकाकडे जायचं, तुमचं दुखतं कुठे ते त्यालाच विचारायचं, मग रंगीत चित्रं काढून तेच त्याला परत सांगायचं, आणि इलाज म्हणून आपलीच माणसं वर्षभर त्याच्या उरावर बसवायची. सुचिता स्वतःच असं म्हणायची आणि हसायची. काम मात्र जीव ओतून करायची. आठवड्यातले तीन दिवस घरून, म्हणजे अलिबागच्या दक्षिणेला खाडीच्या तोंडाशी असलेल्या त्यांच्या कोळीवाड्यातून, आणि दोन दिवस ऐरोलीच्या ऑफिसात.

मच्छीमार संस्थांच्या एका महासंघाचं काम कंपनीला मिळालं तेव्हा तिला मुद्दाम त्यात घेतलं. बाप तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, भाऊ बोटीवर, पोर कॉम्प्युटर शिकलेली. असं माणूस कंपनीला दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं. तिचा साहेब निकेत उरणचा. त्याच्या आजोबांची मिठागरं होती, त्यामुळे खाऱ्या पाण्यातली माणसं कशी असतात हे त्यालाही थोडंफार ठाऊक होतं.

कामाचं नाव ठेवलं दीपमाळ. प्रत्येक बोटीवर एक डबा बसवायचा. बोट ठीक असली की घरच्यांच्या फोनवर तिच्या नावापुढे हिरवा दिवा. डब्यावर एक बटण. संकटात ते दाबलं की दिवा लाल आणि बचावाची बोट निघाली. बोट नेमकी कुठे आहे ते मात्र दिवा लाल झाल्याशिवाय कुणालाच दिसायचं नाही, कंपनीतल्या माणसांनासुद्धा नाही. ही अट तांडेलांची. आमची मासळीची जागा जगाला दाखवणारा डबा आम्ही बोटीवर चढवणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, आणि सुचितानंच ती अट भांडून कागदावर आणली होती.

तरी त्यांचा भरवसा कुठला बसायला! घोळ माशाची चांगली जागा सापडली की तांडेल डब्यावर जर्मनचा टोप उपडा घालायचे. टोप पडला की डबा मुका. जाळी ओढून झाली की टोप काढायचा. सुचिताचा बाप शिवदास यात सगळ्यांचा गुरू. त्यात आणखी गंमत अशी, की घाईघाईनं टोप घालताना त्याची कड बटणावर बसायची. म्हणजे आधी संकटाची हाक, आणि लगेच बोट गप्प. किनाऱ्यावर धावपळ उडायची. बचावाची बोट जीव खाऊन तिथवर जायची आणि बघते तर माणसं निवांत चहा पीत बसलेली. दोन महिने हा तमाशा चालला, तेव्हा महासंघानं करार मोडायची भाषा सुरू केली.

ऐरोलीत बैठक बसली. बॅटरी खराब असेल, डबा खराब असेल, असं जो तो म्हणत होता. सुचितानं बराच वेळ तोंड मिटून धरलं होतं. शेवटी तिच्यानं राहवेना आणि तिनं टोपाचं सांगून टाकलं. सगळी खोली खदखदून हसली, तीही हसली. चार दिवसांत तिनं नियम लिहून दिला. बटण पाच सेकंदांपेक्षा कमी वेळ दाबलं गेलं, पाठोपाठ डबा मुका झाला आणि वारा शांत असला, तर ते संकट धरायचं नाही. दिवा लाल न करता पिवळा करायचा आणि अठरा तास वाट बघायची. कागदावर या नियमाला हे लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण ऑफिसात सगळे टोपाचा नियमच म्हणायचे. खोट्या हाका बंद झाल्या, करार टिकला, वीस-बावीस जणांचं काम शाबूत राहिलं, आणि काचेचं बक्षीस घरी आलं.

मग ती कोळीवाड्यात घरोघर फिरली. पिवळा दिवा दिसला तर घाबरायचं नाही, बोट मासळीत गुंतली असेल, पिवळा म्हणजे बरा, असं तिनं एकेका बाईला फोन हातात घेऊन शिकवलं. बापानं विश्वासानं दाखवलेली गोष्ट आपण परक्यांत हशा पिकवायला वापरली, ही टोचणी तिच्या मनाला होतीच. म्हणून घरी तिनं टोपाचं नावही काढलं नाही.

नोव्हेंबरातला मंगळवार होता. शिवदासची बोट 'शितळाई' आदल्या दिवशी दुपारी गेली होती. बोटीवर तो, धाकटा विनेश आणि तीन खलाशी. सकाळी दहाच्या सुमारास सुचिता ओटीवर लॅपटॉप घेऊन बसली होती, तेवढ्यात नीराबाई फोन घेऊन आली आणि दिवा दाखवून म्हणाली, पिवला हाय बग सकालपासून, तुजा बापूस लागला वाटतं घोळीला. खुशीत होती. सुचिताही हसली आणि पाणी प्यायला मागच्या दारी गेली.

मागच्या दारी आईनं सोललेली कोलंबी टोपात धुऊन ठेवली होती. सुचितानं तांब्या उचलला आणि तिथंच थांबली. टोपाच्या कडेला निळा रंग लागलेला होता. शितळाईचा रंग. गेल्या वर्षी बोट रंगवताना तिच्याच हातून सांडलेला.

ह्यो टोप हितं कसा, असं तिनं विचारलं. आपला आवाज बदललाय हे तिला स्वतःलाच कळलं. नीराबाईला त्यात काही विशेष वाटलं नाही.

"तुज्या बक्षिसाच्या दुसऱ्या दिशीच घरी आनलान," ती म्हणाली. "म्हनला, पोरीच्या डब्याला एवडं काचेचं बक्षीस मिललं, आन मी त्याच्यावर झाकान घालतंय, बरा दिसत न्हाय. आता ऱ्हाऊं दे घरीच."

सुचिता पळत ओटीवर आली. तिनं शितळाईच्या डब्याची नोंद उघडली. नोंद तीनच ओळींची होती. पाच एकेचाळीस, बटण दाबलं, तीन सेकंद. पाच बेचाळीस, डबा मुका. निष्कर्ष, टोप. तो 'टोप' शब्द तिनंच गमतीनं घालून ठेवला होता आणि पुढे कुणी बदलला नव्हता.

म्हणजे बापानं हाक मारली होती. साडेचार तासांपूर्वी मारली होती, आणि तिच्या नियमानं ती गिळून टाकली होती.

तिनं पहिला फोन केला कोंडाजीला. कोंडाजी शिवदासचा जोडीदार, त्याची बोट धक्क्यालाच होती. वायरलेसवर शिवदासचा आवाज सकाळपासून नाही, हे त्याच्याही ध्यानात आलं होतं. त्यानं एक शब्द उलट विचारला नाही, डिझेल आहे, इंजिन चालू करतो म्हणाला. मग म्हणाला, "पन जाऊं कुटं, पोरी? समिंदर काय वाडी हाय? जागा काड."

जागा लाल दिव्यामागे कुलुपात होती. दुसरा फोन निकेतला. निकेत काही वाईट माणूस नव्हता, हे इथं सांगायलाच हवं. त्यानं बैठक सोडून फोन घेतला, सगळं ऐकून घेतलं. पण तो दहा वर्षं सर्व्हिसेसमध्ये मुरलेला होता. आजवर पिवळ्या झालेल्या दोनशे चौदा बोटींपैकी दोनशे बारा सुखरूप निघाल्या होत्या, हा आकडा त्याला पाठ होता, कारण तो महासंघापुढे त्यानंच मांडला होता. त्यानं विचारलं, पुरावा काय आहे आपल्याकडे?

"टोप घरी आहे, निकेत."

मग तो हळूच म्हणाला, फॉर्म भर, सुचिता, मी लगेच मंजूर करतो. पण नंतर महासंघाच्या दोन सह्या लागतील, ते माझ्या हातात नाही गं.

तेही तिला ठाऊक होतं, कारण तीन मंजुऱ्यांची ती वाटही तिनंच आखली होती. कुणाच्या मेव्हण्यानं रडगाणं गायलं आणि कुणाची जागा उघडी पडली, असं होऊ नये म्हणून. तिनं फॉर्म भरला. कारण, या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. बोटीवर टोप नाही, असं लिहिलं. निकेतनं दोन मिनिटांत मंजुरी दिली. महासंघाच्या पहिल्या सहीचे अधिकारी अलिबागला कलेक्टर कचेरीत बसले होते, फोन बंद. अकरा वाजता लागला. त्यांनी फॉर्म वाचला आणि टोप म्हणजे काय ते विचारलं. तिनं पहिल्यापासून सांगितलं. ते म्हणाले, तुमच्याच कंपनीनं आम्हाला पटवलं ना की पिवळा म्हणजे काही नाही? तरी केली त्यांनी सही, पावणेबाराला. दुसऱ्या सहीचे गृहस्थ पालीला गणपतीच्या दर्शनाला गेले होते. त्यांचा फोन नुसता वाजत राहिला.

आता जे सांगायचं ते सांगताना जीभ अडखळते, पण सांगायलाच हवं. सुचितापाशी दुसरं एक दार होतं. चाचणीसाठी बनवलेलं. त्यातून कुठल्याही बोटीचा नंबर घालून खोटी हाक मारता यायची, आणि तिचा दिवा लाल व्हायचा. खऱ्या बोटीवर ते वापरलं तर तत्काळ नोकरी जाईल, वर पोलिसात तक्रारही होईल, अशा कागदावर तिनं सही केलेली होती. हे दार तिला दहा वाजून वीस मिनिटांनीच आठवलं होतं. आठवलं, आणि तिनं ते बाजूला सारलं. आता मंजुरी येईल, आता येईल, असं म्हणत राहिली. सहा वर्षांत तिच्या अंगात मुरलं होतं ते हेच, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि भीती होती. या नोकरीवर घर उभं होतं, विनेशचं लग्न ठरत होतं, उद्या कुठल्या कंपनीनं दारात उभं केलं नसतं. बाप पाण्यात असताना लेक हे सगळं मनात घोळवत बसली होती. तिला स्वतःची किळस येत होती आणि तरीही ती पालीचा नंबर पुन्हापुन्हा फिरवत होती.

एव्हाना सगळं आईच्या ध्यानात आलं होतं. ती दाराला टेकून उभी राहिली. पाऊण वाजून गेल्यावर ती आत गेली, कोलंबी परातीत ओतली, आणि तो ओला टोप आणून लॅपटॉपशेजारी ठेवला.

"ह्यो घरी हाय," ती म्हणाली. "एवडं पुरं न्हाय त्यांना?"

सुचितानं ते दार उघडलं, शितळाईचा नंबर घातला आणि बटण दाबलं. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नाही. कोळीवाड्यातल्या घरोघरचे फोन एकदम वाजू लागले. डब्याची शेवटची जागा उघडली, खांदेरी बेटाच्या पश्चिमेला बरीच आत. कोंडाजीनं ओहोटीचा अंदाज बांधून बोट थोडी दक्षिणेला धरली. त्याच्यामागून बचावाची बोट आणि आणखी सात बोटी गेल्या, कुणी जाळी धक्क्यावर तशीच टाकून. निकेतचा फोन तीनदा आला, तिनं घेतला नाही.

बोटी पाचच्या सुमारास परतल्या. धक्क्यावर सगळा कोळीवाडा जमला होता. कोंडाजीच्या बोटीतून आधी दोन खलाशी उतरले, मग विनेशला धरून तिसरा खलाशी सदू उतरला. शिवदास मागे ताडपत्रीखाली होता. नीराबाई पाण्यात उतरून थेट बोटीपाशी गेली. तिला कुणी अडवलं नाही.

विनेशच्या अंगावर कुणीतरी चादर टाकली होती. त्याचे ओठ पांढरे पडले होते, तरी तो बोलत होता, थांबतच नव्हता. मोठं जहाज होतं, ताई, अंधारातनं आलं, थांबलं पन न्हाय. बाबा डब्यापाशी धावला, बटान दाबलान, तेवड्यात बोट उलटली. जाल्याच्या तरंगत्या बोयांना धरून राहिलो. बाबाच्या छातीला लागलंतं, श्वास घेववत नव्हता. पन सगल्यांना धीर देत होता. म्हनं, सोडू नका रे, सुचीला दिसलं असंल, टोप घातला नव्हता आपन, लाल दिसला असंल तिला. सूर्य डोक्यावर आला तवर धरून होता, ताई. मग हात सुटला, आमी त्याला तसाच बोयांना बांधून ठेवला. कोंडाजीकाका आला त्याच्या तासभर आधी गेला.

मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुला तवाच दिसलं ना?"

खोटं बोलली असती तर त्याला ते हवंच होतं. तिच्यानं झालं नाही.

"दिसायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "मीच ते बंद करून ठेवलं होतं, विनू. आणि कळल्यावरही मी अडीच तास परवानगी मागत बसले."

विनेशला किती समजलं कोण जाणे. त्यानं चादर अंगाभोवती ओढून घेतली आणि तोंड फिरवलं.

शुक्रवारी, सुतकाच्या चौथ्या दिवशी, निकेतचा फोन आला. त्यानं सांगितलं की चौकशी बसली आहे, तोवर तिचं लॉगिन बंद राहील, चाचणीचं दारही त्यांनी कायमचं काढून टाकलंय. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिनं एकच विचारलं, नियम काढला का? तो म्हणाला, येत्या गुरुवारच्या बैठकीत घेतोय गं, तोवर हात लावता येत नाही. गिऱ्हाइकाची मंजुरी लागते.

तिनं फोन ठेवला. टीव्हीशेजारची काचेची वस्तू कुणीतरी काढून ठेवली होती, आईच असेल. खुंटीला आईचा फोन पिशवीत लटकत होता. सुचितानं तो काढून दीपमाळ उघडली. कोळीवाड्यातल्या बोटी एकाखाली एक होत्या. सगळे दिवे हिरवे, आणि शेवटून तिसऱ्या नावापुढे पिवळा. चांगदेवची बोट.

तिनं पायात काही घातलं नाही. चांगदेवचं घर चार घरं टाकून होतं. सुतक असल्यामुळे ती आत गेली नाही, अंगणातच उभी राहिली. चांगदेवची बायको कृष्णाबाई वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. सुचिताला बघून तिनं हातातले बोंबील खाली ठेवले, डोळ्यांना पदर लावला आणि शिवदासचं नाव घेऊन रडायला लागली. सुचितानं तिला रडू दिलं नाही. काकी, तुमचा टोप बोटीवर हाय का घरी, असं तिनं विचारलं.

कृष्णाबाईनं डोळे पुसले.

"टोप? घरीच हाय की. तुज्या बापसानंच सांगितलंन ना, घराघरांत जाऊन. पोरीचा डबा हाय, त्याच्यावर कुनी झाकान घालू नका म्हनला. सगल्यांनी घरी आनलं." बोलता बोलता तिनं सुचिताच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "का गं? मी मगाशीच बगितलं, पिवलाच हाय. पिवला म्हंजे बरा, तूच सांगितलंतंस ना आमाला?"

सुचिता वळली आणि कोंडाजीच्या घराकडे धावत सुटली. तो लगेच उठेल, इंजिन चालू करील, आणि मग विचारील, जाऊं कुटं, हे तिला माहीत होतं.